आधी उतरणारा

नाना कुठल्याही दारातून पटकन आत गेलेले मी कधी पाहिले नाहीत. दार घराचं असो, देवळाचं असो की गोठ्याचं, ते उंबऱ्याच्या एका अंगाला सरकून उभे राहत, डावा हात चौकटीवर आडवा धरत आणि आतल्या माणसांना सांगत, "आधी उतरनारा." आतून कुणी निघणारं नसलं तरी सांगत. रिकाम्या गोठ्यालाही त्यांनी हे बजावलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मग घटकाभर वाट पाहून ते आत शिरत आणि शिरल्याबरोबर वळून तोंड पुन्हा दाराकडे करून, म्हणजे आतल्या लोकांकडे चक्क पाठ करून, उभे राहत. आमच्या गावी, कोरिटला, नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटे, या गृहस्थाचं आपल्याशी काहीतरी बिनसलं आहे.

बिनसलेलं काही नव्हतं. नाना माझे जेठ, माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. कोरिटला घर धरून बसण्याआधी अकरा वर्षं त्यांनी समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात लिफ्ट चालवली होती. त्या शहराचं नाव ते घेत नसत, नुसतं "बंदर" म्हणत, म्हणून मीही नाव घेत नाही. नंदुरबारहून सुरतेपर्यंत रेल्वे, तिथे गाडी बदलायची आणि पुढे एक पूर्ण दिवस. साहेब लोक, संस्थानिक, पारशी शेटजी उन्हाळ्यात हवा खायला जात असं ते गाव. तिथे लिफ्टवाल्याला दोन गोष्टी पहिल्या दिवशी शिकवत. दार उघडलं की आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, मग चढणाऱ्यांना घ्यायचं. आणि लिफ्ट चालू असेपर्यंत पाहुण्यांकडे पाठ करून उभं राहायचं, त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. नोकरी सुटली तरी या दोन्ही गोष्टी नानांच्या अंगातून सुटल्या नाहीत.

लिफ्ट ही वस्तू तेव्हा आमच्या गावात कुणाच्या बापाने पाहिली नव्हती. नाना पहिल्यांदा सुटीवर आले तेव्हा त्यांनी चार माणसांना समजावून सांगितलं, की एक पिंजरा असतो, लोक त्यात उभे राहतात, आपण मूठ फिरवली की तो वर जातो आणि उलटी फिरवली की खाली येतो. गावाने थोडा विचार केला आणि त्या यंत्राचं बारसं करून टाकलं, पाळणा. तेव्हापासून नाना झाले पाळणावाले नाना. त्यांचं लग्न ठरत होतं तेव्हा या बारशाने भलताच घोळ घातला. मुलगा काय करतो, असं मुलीकडच्यांनी विचारलं. मध्यस्थ म्हणाला, पाळणा चालवतो. मुलीच्या वडिलांना वाटलं, जत्रेतला पाळणा. ते मोठ्या काळजीने विचारायला लागले, की जत्रा उठल्यावर जावईबापू काय करतात. मुलीच्या आत्याची समजूत त्याहून पुढची. तिला वाटलं, साहेबाचं पोर पाळण्यात घालून हा गडी दिवसभर दोरी ओढतो. ती म्हणाली, पोरगी द्या, निदान घरात पाळणा हलवायला माणूस तरी तयार आहे. शेवटी जमीन बघून लग्न झालं.

त्या मुलीला, म्हणजे माझ्या जेठाणीला, मी बाई म्हणत असे. हॉटेलात नोकरांना कुटुंब ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून बाई लग्नानंतर कोरिटलाच राहिल्या आणि नाना वर्षाकाठी पंधरा दिवस येऊन जात. पहिल्याच वर्षी बाईंनी त्यांना विचारलं होतं, "माले एकदाव पाळणामां बसाडशात का?" नाना म्हणाले होते, "तिसरा मजलालगून." हे बाईंनी मला स्वयंपाकघरात निदान पन्नास वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी 'तिसरा मजला' म्हणताना त्या वर पाहत. आमच्या घराला नुसती धाब्याची माडी होती. तिसरा मजला त्या कुठे बघत होत्या देव जाणे. गावाजवळच्या जत्रेला जात तेव्हा बरोबरीच्या बाया पाळण्यात बसत, ओरडत, हसत. बाई खाली उभ्या राहून सगळ्यांच्या वहाणा आणि गाठोडी सांभाळत. त्या म्हणत, "मी तर मोठामां बठसू."

मोठ्या पाळण्याचं ते हॉटेल आम्हा सगळ्यांना पाठ होतं. खळ्यावर माणसं बसली की नाना तुराट्या मांडून बंदर उभं करत. समुद्राच्या कडेने हॉटेलांची रांगच होती. एक होतं 'घुमटवालं', सगळ्यात जुनं. त्याच्या दिवाणखान्यात संध्याकाळी बँड वाजे आणि राजेलोक तिथेच उतरत. दुसरं अगदी नवं, 'जहाज'. त्याचे कोपरे गोल, खिडक्या गोल, सज्जाला लोखंडी कठडे, आणि छतावर नाचायची जागा. जहाजावर नानांचा भारी राग. दर्यात जहाजं कमी पडली म्हणून काठावर बांधलं का, असं ते विचारत. आणि या दोघांच्या मध्ये 'आपलं'. तीन मजली, वर रंगीत काचांचं छत, खाली संगमरवराचा जिना, आणि जिन्याच्या मधोमध पितळी जाळीचा पिंजरा. दुपारी काचांतून ऊन आलं की पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मडमांचे पांढरे झगे हिरवे-तांबडे होत, पण नानांना ते समोरच्या पितळेत दिसे, कारण वळून बघायची सोय नव्हती.

खळ्यावरचे लोक जेवणाखाण्याचं विचारत, मडमांचं विचारत, आणि फिरून फिरून एका प्रश्नावर येत, दर्या कसा आहे. इथे नाना हातातली तुराटी खाली ठेवत. मग उजवा तळहात पुढे करून म्हणत, "इतला." लोकांना वाटे, नाना थट्टा करतात. मला ते बाईंकडून नीट कळलं. लिफ्टवाल्याने पिंजऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हॉटेलचा नियम होता. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं की समोर लांबलचक गल्ली, गल्लीच्या टोकाला खिडकी, आणि त्या खिडकीत तळहाताएवढा समुद्र. पाहुणे उतरेपर्यंत आणि चढेपर्यंत तो दिसे. मग दार लावून खाली. सुटीच्या दिवशी मासळीबाजारामागच्या धक्क्यावरून नानांनी समुद्र भरपूर पाहिला होता, पण त्याला ते समुद्र म्हणत नसत, पाणी म्हणत. समुद्र म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा. त्या गल्लीतून चालत जाऊन खिडकीशी उभं राहावं आणि शेजारी बाई असावी, एवढं एकच त्या माणसाला आयुष्यात हवं होतं.

आणि मग आमच्या सासऱ्यांना, आप्पांना, लकवा झाला. सासूबाई आधीच गेलेल्या. माझ्या यजमानांना नुकतीच नंदुरबारच्या कचेरीत कारकुनी लागली होती. खाटेवर पडल्या पडल्या आप्पांनी निकाल दिला, की धाकट्याची सरकारी नोकरी मोडायची नाही, थोरल्याने येऊन घर धरायचं. नाना पंधरा दिवसांच्या रजेवर आले. त्यांची पत्र्याची ट्रंक त्यांनी दाराजवळच ठेवली, कारण पंधरा दिवसांसाठी ती आत कशाला न्यायची. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर दोन वर्षांनी, आणि मी आले तेव्हाही ट्रंक दाराजवळच होती. आत हॉटेलचा पांढरा डगला होता. दसऱ्याला आम्ही घरातली तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासत असू, तेव्हा नाना डगल्याची आठ बटणं काढून आमच्या ढिगात आणून ठेवत. घासून झाली की मोजून घेत आणि पुन्हा शिवून टाकत. कुणी कधी काही विचारलं नाही.

आप्पांचं डावं अंग गेलं होतं, पण डोळे आणि हुकूम शाबूत होते. नानांनी त्यांच्या उजव्या हाताशी एक पितळी वाटी आणि चमचा ठेवला होता. एक ठोका म्हणजे पाणी, दोन ठोके म्हणजे कूस बदला, तीन ठोके म्हणजे उचलून ओट्यावर न्या. हॉटेलात खोल्यांच्या घंटा अशाच वाजत. आप्पांना ऐकू जाणार नाही अशा बेताने नाना त्यांना 'तीन नंबरचे साहेब' म्हणत. गंमत म्हणून ठीक होतं, पण पुढे पुढे मला दिसायला लागलं, की नाना त्या वाटीच्या आवाजापलीकडे जाऊच शकत नाहीत. शेत गावाला लागूनच होतं. कापूस वेचता वेचता ते मध्येच ताठ उभे राहत आणि गावाकडे कान करत. आप्पा तेव्हा झोपलेलेही असायचे. पाळणा तीन मजले तरी जायचा. इथे तेवढंही नव्हतं.

आता माझं सांगते. मी नंदुरबारची, शाळामास्तरांची मुलगी, चौथी पास. यजमान शनिवारी सायकलीवर येत, सोमवारी पहाटे जात. नोकरी कायम झाली की नंदुरबारला खोली घेऊ आणि तुला नेऊ, असं त्यांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कबूल केलं होतं, आणि त्या कबुलीवर मी दिवस काढत होते. कोरिटला मला कुणी छळलं नाही. पण जेठ घरात असला की भावजयीने पदर नाकाखाली ओढायचा आणि जेठाशी एक शब्द बोलायचा नाही, हा रिवाज आमच्याकडे फार कडक होता. वैशाखात चुलीपुढे, तोंडावर पदर घेऊन भाकरी थापून बघाव्यात म्हणजे कळेल. आप्पांची खाट अशी होती, की त्यांना स्वयंपाकघराचं दार सरळ दिसे.

त्या घरात माझ्या तोंडाला वारा लागला तो नानांच्या पाठीमुळे. ते बाहेरूनच "आधी उतरनारा" म्हणत, म्हणजे मला सावध व्हायला वेळ मिळे. आत आले की माझ्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करत, आणि जेवायलाही तसेच बसत. मग पदर कशाला घ्यायचा? आप्पांना आक्षेप घ्यायला जागा नव्हती, कारण जेठाने भावजयीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नाना हे मुद्दाम करतात की सवयीने, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही. एकदा चूल धुमसत होती आणि मी पदराने डोळे पुसत होते, तेव्हा पाठमोऱ्या नानांनी बाईंना सांगितलं, की तिला दोन घटका चुलीपासून लांब पदर टाकून बसू दे, मी दाराकडेच तोंड करून आहे. तेव्हा कळलं. मला त्या वेळी रडू आलं होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

बोलायचा प्रश्न आम्ही म्हशीवर सोपवला होता. बाई घरात नसल्या की मी गोठ्याच्या दारातून म्हशीला म्हणे, नानांना सांग भाकर झाली. पलीकडून नाना म्हशीला म्हणत, सांग तिला, येतोच. म्हैस बिचारी रवंथ करत दोन्हीकडे बघे. पाठमोऱ्या माणसाला बोलणं फार बारकाईने ऐकू येतं, असं नाना तिला सांगत. पाठीमागे कोण उभं आहे, खूश आहे की भांडून आलं आहे, हे त्यांना अकरा वर्षांत न बघता ओळखू यायला लागलं होतं. म्हशीला हे कळत असेल असं मला वाटत नाही. मीही ते हसण्यावारी नेलं, आणि तिथेच फसले.

त्यांच्या अंगातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढे ती यायची आहे. जुन्या लिफ्टला मजल्याशी बरोबर थांबवणं हे हाताचं कसब असे. जरा वर थांबली की उतरणाऱ्याचा तोल जाई, जरा खाली थांबली की ठेच लागे. नाना म्हणत, आपल्या हातून कधी दोऱ्याचाही फरक पडला नाही. कोरिटला त्यांना थांबवायला उरली होती एक बैलगाडी. तीच ते ओट्याला अशी लावत, चाकाखाली चपटा दगड सरकवून किंवा माती उकरून, की गाडीची फळी आणि ओटा एका पातळीत येई. अर्धा तास लागला तरी चालेल. गाव हसे. आप्पांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा मात्र खाट ओट्यावरून सरळ गाडीत सरकली आणि पाण्याचा तांब्यासुद्धा हिंदकळला नाही. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी आल्याला तीन वर्षं झाली असतील. श्रावण सरता सरता नानांना बंदराहून पत्र आलं. हॉटेलच्या मोठ्या जमादारांनी तिथल्या मराठी कारकुनाकडून ते लिहून घेतलं होतं. नानांना आकडे वाचता येत, मजल्यांचे आणि खोल्यांचे, अक्षरं येत नसत. बाईंना काहीच येत नसे. घरात वाचणारी मी एकटी. तेव्हा अशी मांडणी झाली, की नाना ओट्यावर बाहेर तोंड करून बसले, बाई मध्ये उंबऱ्यावर, आणि मी दाराआड. मी बाईंना वाचून दाखवायचं, नानांनी आपलं ऐकायचं.

पहिल्याने सगळ्यांची खुशाली होती. मग लिफ्टला नवा रंग दिला, पण पितळ पहिल्यासारखं चमकत नाही. बारा नंबरमध्ये दर वर्षी येणाऱ्या पारशी बाई वारल्या, त्या शेवटपर्यंत तुमची आठवण काढत होत्या. पुढे दोन ओळी होत्या. तुमच्या जागेवरचा माणूस सोडून गेला आहे, दसऱ्यापर्यंत आलात तर जागा तुमचीच, असं मॅनेजरसाहेब म्हणतात. आणि मागच्या नव्या चाळीत आता कुटुंब ठेवायची परवानगी झाली आहे, तेव्हा वहिनींना घेऊन या.

या दोन ओळी मी मनात वाचल्या आणि थांबले. नाना गेले तर यजमानांना नोकरी सोडून घर धरावं लागणार. नंदुरबारची खोली गेली. मी जन्मभर या दाराआड, आणि मग माझ्याकडे पाठ करणारंही कुणी नाही. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. मी पुढची ओळ वाचली, "लहानथोरांस नमस्कार सांगावा."

नानांनी विचारलं, "आखो काही शे का?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, संपलं. नानांनी न वळता हात मागे केला, मी पत्र बाईंच्या हातात दिलं, बाईंनी त्यांच्या हातात. त्यांनी घडी घालून ते डगल्याच्या खिशात, ट्रंकेत ठेवलं.

त्या दसऱ्याला आठ बटणं मीच घासली. बाई दुसरीकडे होत्या. इतकी घासली की अंगठ्याची कातडी गेली, आणि तरी मी बोलले नाही. मी लबाडी केली हे मला ठाऊक होतं आणि त्या लबाडीने बाईंचा तिसरा मजला गेला हेही ठाऊक होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला सोनं दिलं आणि म्हणाल्या, यंदा नाही तर पुढच्या वर्षी, आप्पांना बरं वाटलं की आम्ही दोघं पाळण्यात बसून येऊ, तुला शिंपले आणीन. माझ्या हातातली आपट्याची पानं मी किती वेळ तशीच धरून उभी होते.

माझ्या पदरात तरी काय पडलं? यजमान कायम झाले, पण आप्पा म्हणाले, मी असेपर्यंत धाकटी इथून हलणार नाही. एकीने शेतावर जायचं, एकीने माझ्यापाशी. झालं. मी नानांना डांबून ठेवलं ते माझ्यासकट. सात वर्षं आम्ही तिघं त्या वाटीच्या ठोक्यांवर उठलो-बसलो. मध्ये लढाई सुरू झाली. जमादारांचं आणखी एक पत्र आलं, शेवटचं. त्यातलं अक्षर न् अक्षर मी वाचलं, जणू त्याने काही भरून निघणार होतं. हॉटेल लष्कराने दवाखान्यासाठी घेतलं होतं, जहाजही घेतलं होतं, घुमटवालंही. समुद्रासमोरच्या खोल्यांतून जखमी शिपाई ठेवले होते. लिफ्ट बंद होती आणि तिच्यात पट्ट्यांचे गठ्ठे रचून ठेवले होते. जमादार नोकरी सोडून कोकणात आपल्या गावी निघाले होते. नाना उठले. मग आत जाऊन त्यांनी ट्रंक उचलली आणि दाराजवळून मागच्या भिंतीशी नेऊन ठेवली.

आप्पा गेले ते ऐन थंडीत. तीन ठोके दिले, नानांनी उचलून ओट्यावर आणलं आणि उन्हातच प्राण गेला. आत नेऊन आंघोळ घातल्यावर प्रेत घराबाहेर काढताना गर्दी दारात घुसत होती, तेव्हा नाना चौकटीवर हात आडवा ठेवून शांतपणे म्हणाले, "आधी उतरनारा." आणि सगळी माणसं मागे सरली.

त्यानंतर चार महिन्यांनी माझं सामान नंदुरबारला निघालं. यजमान पुढे जाऊन खोली उघडून बसले होते. शेत आणि म्हैस नाना आणि बाईंकडे. नानांनी सकाळपासून खटपट करून गाडी ओट्याला लावली आणि तिच्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बाई माझ्यासाठी लोणच्याची बरणी बांधायला आत गेल्या होत्या. ओट्यावर आम्ही दोघंच. मी सवयीने गोठ्याकडे बघितलं, पण हे म्हशीला सांगण्यासारखं नव्हतं. मी डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा जेठाशी बोलले.

"नाना, बंदरना कागदमां एक ओळ मी वाचेल नव्हती."

ते वळले नाहीत. "एक नही," ते म्हणाले. "दोन व्हत्यात."

ते पाठमोरे बोलत राहिले, आवाज चढवला नाही की उतरवला नाही. मी वाचता वाचता थांबले होते तेव्हाच त्यांना समजलं होतं. पाठीमागे बोलणाऱ्या माणसाचा श्वास अडकला की तो काहीतरी लपवतो आहे, हे त्यांना सांगायला कुणी लागत नव्हतं. मग मुगाची गाडी घेऊन नंदुरबारला गेले तेव्हा त्यांनी स्टेशनवर एका मास्तरांकडून पत्र वाचून घेतलं. दसऱ्याला तेव्हा आठ दिवस बाकी होते.

मी विचारलं, "मंग गयात का बरं नही?"

"पिंजरा एक, अन् दार बी एक," नाना म्हणाले. "आतला अन् बाहेरना एकदाव घुसनात, तर दोन्ही अडकतस. तू निंघाले उभी व्हती. आधी उतरनारा."

"अन् बाई?"

ते बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "तिले सांगेल नही," ते म्हणाले. "तू बी सांगू नको."

तेवढ्यात बाई बरणी घेऊन आल्या. माझा पदर मागे गेलेला त्यांनी पाहिला. बरणी गाडीत ठेवताना सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नंदुरबारले पाळणा शे का व?"

उत्तर नानांनीच दिलं, की यंदा आपण जत्रेतल्या पाळण्यात बसू, तोही बरा असतो. बाईंनी जरा विचार केला. "मोठा राही गया ना पन," त्या म्हणाल्या, आणि बरणीचं फडकं पुन्हा एकदा आवळलं. कुणाचा दोष काढावा असा तो आवाज नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी बाईंच्या पाया पडले. नानांच्या पाया पडायला गेले तर ते गाडीच्या बाजूला सरकले, डावा हात त्यांनी गाडीच्या दांडीवर आडवा धरला आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. माझा चेहरा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. डोळे इतके भरून आले होते, की मला खाली ओटा कुठे संपतो आणि गाडी कुठे सुरू होते ते दिसेना. मी तसंच पाऊल पुढे टाकलं. दोऱ्याचाही फरक नव्हता.